व्हिएन्नातली छोटीशी मंडळी

मु. वेळकोंड, जि. रत्नागिरी
२० एप्रिल १९६४

साजिदाचे अब्बा यांस,
रुकय्याचा सलाम वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. चार ओळी होत्या. प्रकृती ठीक, पार्सल पाठवलं, पोच द्यावी, अम्माला सलाम. दुबईच्या गोदामात कारकुनी करता हे मला ठाऊक आहे, पण मी काही खजुराची पेटी नाही की उतरून घेतली, खूण केली, झालं. मोहिद्दीनभाई सांगतात की शाळेत तुमचा निबंध गुरुजी सगळ्या वर्गाला वाचून दाखवायचे. माझ्याशी निकाह लागला आणि शब्द संपले का?

माझा पासपोर्ट आला. फोटोत मी कोंबडी चोरताना सापडल्यासारखी दिसते. साजिदा रोज तो उघडून बघते आणि हसते. आपल्या लग्नाला अकरा वर्षं झाली. तुम्ही चारदा आलात, सगळे मिळून चौदा महिने राहिलात. साजिदा तुम्हाला फोटोवरून ओळखते. या थंडीत आम्हा दोघींना घेऊन जातो म्हणालात, त्या एका शब्दावर मी बसले आहे. या वेळीही राहिलं तर पुन्हा विचारणार नाही, हे रागाने नाही लिहीत, दमले म्हणून लिहिते.

मालकांच्या डोळ्यांसाठी त्यांच्याबरोबर व्हिएन्नाला जाणार असं कळवलंत. साजिदाने ते नकाशात शोधलं आणि त्यावर बोट ठेवलं, तर बोटाखाली अख्खा देश झाकला गेला. तिथून तरी भरपूर लिहा. शाळेत लिहायचात तसं लिहा. अम्मा म्हणते की परक्या मुलखात मांस विचारून खावं.

इथली माया आहे तेवढीच आहे, तिकडची कमी होऊ देऊ नये.

तुमची,
रुकय्या

व्हिएन्ना
२४ मे १९६४, रविवार

प्रिय रुकय्या हीस,
अजीजचा सप्रेम सलाम वि. वि.

हुकुमाप्रमाणे आज निबंध लिहायला बसलो आहे. हसू नकोस. भाईंना आणि अम्मालाही वाचून दाखव.

आमचे मालक, अरबाब हाजी याकूब, यांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन नीट पार पडलं. आता दहा-बारा दिवस डोळ्यांना पट्ट्या. मी खाटेशी बसून असतो. काल त्यांनी मला हाकललंच. म्हणाले की माझे डोळे बांधलेले आहेत, तुझे तर उघडे आहेत ना, यल्ला, जा, शहर बघ आणि येऊन मला सांग.

आता भाषा येत नाही, रस्ते ठाऊक नाहीत, एकटा कुठे जाणार? हॉटेलच्या मॅनेजरने माझी अडचण ओळखली आणि मला एक छोटीशी मंडळी जमवून दिली. ठरलेली फी भरली की सकाळी नऊपासून एक वाजेपर्यंत बरोबर पायी हिंडायचं. इथे ही पद्धत सर्रास आहे, कुणाला त्यात काही वाटत नाही.

आज आमची मंडळी नऊच्या ठोक्याला हॉटेलच्या पायरीशी हजर. सुरुवातीला फार लाजरी. मी नाव विचारलं तर नुसती हसली. पण पहिला चौक ओलांडला आणि अशी खुलली की विचारू नकोस. रस्ते दगडी आणि अरुंद, मधूनच घोडागाडी येते, की मी हात आडवा करून मंडळीला बाजूला घ्यायचो. मधलं मोठं चर्च इतकं उंच की मंडळीची मान दुखायला लागली.

बाईंना इतिहास तोंडपाठ. एक ऐक आणि अम्माला सांग. इथले बादशहा मेले की त्यांचं काळीज काढून चांदीच्या भांड्यात घालून एका चर्चमध्ये ठेवत, आतडी दुसऱ्या चर्चच्या तळघरात, आणि उरलेला देह तिसरीकडे पुरत. मी तीनदा विचारून खात्री केली. पुढे एका भिंतीत तुर्कांच्या वेढ्यातला तोफगोळा दाखवला आणि बाई माझ्याकडे बघून जरा अडखळल्या. मी सांगितलं की मी तुर्क नव्हे, रत्नागिरीचा आहे. मंडळी खळखळून हसली.

मग मंडळी दमली. एका जुन्या कॉफीच्या दुकानात बसलो. इथे कॉफीबरोबर पाण्याचा पेला देतात, का ते कळलं नाही. कॉफी मी पाजली, तर मंडळीने आग्रहाने मला केक खाऊ घातला. चरबी कसली ते दोनदा विचारून मगच खाल्ला.

एक वाजता निरोप घेतला. चार तासांत एवढा लळा लागेल असं वाटलं नव्हतं. पत्ता घेतला आहे, पुन्हा भेटायचं वचन दिलं आहे. अशी मंडळी मिळायला नशीब लागतं. सोबत फोटो आहे. तिथल्या तिथे छापून निघणारा कॅमेरा होता. काढणाऱ्याचा हात हलल्याने अर्धंच चित्र आलं, पण बाई आणि मी स्वच्छ दिसतो.

हाजींना सगळं सांगितलं. इतके खूश झाले की पुढच्या रविवारी पुन्हा जा म्हणाले.

निबंधाला किती मार्क दिलेस ते कळव. अम्माच्या दुव्याची आणि तुझ्या लोभाची इथे थंडीत फार गरज भासते.

तुझा,
अजीज

वेळकोंड
८ जून १९६४

चि. अजीज यास,
मोहिद्दीनकडून दुवा.

तुझं पत्र रुकय्याने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला घेतलं. तिसऱ्या परिच्छेदाला तिचा आवाज बसला. पुढचं मी वाचलं. मग अम्माने पुन्हा वाच म्हणून सांगितलं, मी पुन्हा वाचलं, आणि अर्थ तोच निघाला.

मी तुझा थोरला भाऊ आहे, तेव्हा स्पष्ट विचारतो. निकाह रीतसर झाला आहे का? काझी कोण, साक्षीला कोण? हॉटेलचा मॅनेजर निकाहात मुलीच्या बाजूचा वकील कसा होऊ शकतो? फी भरून नऊ ते एक हा काय प्रकार आहे? आपल्या पंथात असला मुदतीचा निकाह नाही, हे तुला मदरशात शिकवलेलं विसरलास काय? आणि हाजीसारखा बुजुर्ग माणूस पुढच्या रविवारी पुन्हा जा म्हणतो, यावर माझा विश्वास बसत नाही.

फोटोने तर आणखीच घोटाळा झाला आहे. पत्रात छोटीशी लिहितोस आणि फोटोत छत्री घेतलेली, पिकल्या केसांची, अम्माच्या वयाची बाई उभी आहे. ही बाई आणि ती मंडळी एकच की दोन? दोन असतील तर तेही कळव. अम्माने फोटो चष्मा लावून पाहिला आणि म्हणाली की चेहऱ्यावरून बाई गरीब स्वभावाची दिसते. मग उठून आत गेली. ज्यांचं काळीज एकीकडे आणि आतडी एकीकडे ते बादशहा कयामतीच्या दिवशी कसे उठणार, असंही तिने विचारलं आहे. त्याचं उत्तर सवडीने दे, आधी बाकीचं.

रुकय्या सगळं नेहमीसारखं करते. भात करते, पाणी भरते, साजिदाचा धडा घेते. म्हणूनच मला भीती वाटते. व्हिएन्नाचा पत्ता तू दिला नाहीस, म्हणून हे पत्र दुबईलाच टाकतो आहे, आणि तू परत कधी येतोस ते माहीत नसल्याने तुझ्या खोलीवरच्या जमालला वेगळं पत्र टाकलं आहे.

दुवा चालू आहे. लोभ सध्या थांबवला आहे.

तुझा भाई,
मोहिद्दीन

देरा, दुबई
२२ जून १९६४

जनाब मोहिद्दीनभाई यांस,
जमालचा आदाब वि. वि.

आपलं पत्र वाचून मी चाट पडलो. चार वर्षं एका खोलीत राहतो, अजीज असा माणूस नाही. पण भाई, मी खोटं बोलणार नाही, थोडा गोंधळ माझ्याही डोक्यात आहे.

जाण्याआधी त्याने मला सांगून ठेवलं होतं की मंडळी येणार आहे, तर खाडीपासून जवळ दोन खोल्यांचं घर बघून ठेव. मी बघितलं आणि आगाऊ भाडंही दिलं. मंडळीला गर्मी सोसणार नाही म्हणून वारा येणाऱ्या बाजूची खोली घेतली. ही गोष्ट घरी बोलू नकोस, मोठी खुशी द्यायची आहे, असंही म्हणाला होता. मी समजलो ते वेगळंच होतं. आता आपलं पत्र वाचल्यावर मी काय समजावं तेच कळत नाही. हे सगळं जाण्याआधीचं आहे, म्हणजे मंडळी आधीपासूनच ठरलेली होती की काय?

हाजींच्या पेढीवर विचारलं, तर ते म्हणाले दोघेही जुलैच्या मध्यावर येतात. दोघे म्हणजे हाजी आणि अजीज. तिसऱ्या तिकिटाचं कुणाला माहीत नाही. तो विमानातून उतरला की त्याची मानगूट धरतो, इन्शाल्ला.

माझ्यावर नाराजी नसावी, मी पडलो श्रीवर्धनचा, आणि काही झालं की श्रीवर्धनच्या माणसाला सगळे आधी धरतात.

आपला,
जमाल

वेळकोंड
४ जुलै १९६४

साजिदाच्या अब्बांस,
सलाम.

वि. वि. लिहीत नाही. विनंती काही उरलेली नाही आणि विशेष जे आहे ते तुमच्याकडे आहे.

मंडळी म्हणजे बायको हे बाहेर ऐकलेलं होतं, पण आपल्या मोहल्ल्यात बायकोला कुणी मंडळी म्हणत नाही. म्हणून आधी मी स्वतःची समजूत घातली की हा काहीतरी पुस्तकी शब्द असेल. मग शाळेच्या गुरुजींच्या घरी गेले. कशाला विचारते ते सांगितलं नाही. त्यांच्या बाई लाजल्या. म्हणाल्या, की पुरुषमाणसाने मंडळी म्हटलं की समजून जायचं, आमचे हे मला तीस वर्षं मंडळीच म्हणतात, मंडळी माहेरी गेली, मंडळीला बरं नाही. मी घरी आले. तुमचं पत्र मीच मागितलं होतं, शाळेतल्यासारखं लिहा म्हणाले होते. लिहिलंत.

मग जमालचं पत्र आलं. भाई मला दाखवणार नव्हते, मी त्यांच्या कोटातून काढून वाचलं. दोन खोल्या, वाऱ्याची बाजू, खाडीजवळ. ज्या घराची मी वाट बघत होते ते तयार आहे हे मला असं कळलं.

पासपोर्ट भाईंना परत दिला. त्यांनी तो त्यांच्या ट्रंकेत ठेवला आहे. सवतीच्या संसारात कोपऱ्यात बसायला मी समुद्र ओलांडणार नाही. शरियतने तुम्हाला मुभा दिली असेल, तिथे मी बोलणारी कोण? पण मला आधी विचारायला हवं होतंत. रडले नाही असं लिहिणार होते. रडले. साजिदाने विचारलं तर तिला सांगितलं की चुलीचा धूर लागला.

अम्मा माझ्या बाजूने आहे. रात्री माझ्याजवळ झोपायला येते आणि तुम्हाला शिव्या देते, मग तुमच्यासाठी दुवा मागते, मग पुन्हा शिव्या देते. तिचाही नक्की निर्णय होत नाही.

एकच विचारते आणि संपवते. ती नाव विचारलं तर नुसती हसली म्हणता. मग ती दमली आहे आणि तिला कॉफी हवी आहे हे तुम्हाला कसं समजलं? मी दमले की नाही हे तुम्ही मला एकदाही विचारलेलं नाही.

लोभाचं तुमचं तुम्ही बघा.

रुकय्या

देरा, दुबई
१६ जुलै १९६४

प्रिय रुकय्या, प्रिय भाई, अम्मा आणि ज्यांनी ज्यांनी हे पत्र ऐकलं असेल त्या सगळ्यांस,
अजीजचा हात जोडून सलाम वि. वि.

काल संध्याकाळी विमानतळावर उतरलो. जमालने सामान घ्यायच्या आधी माझी कॉलर घेतली आणि विचारलं की ती कुठे आहे. मी म्हणालो कोण? तो म्हणाला मंडळी. मला वाटलं उन्हाने त्याचं डोकं फिरलं. खोलीवर आलो आणि भाईंचं आणि रुकय्याचं, अशी दोन्ही पत्रं वाचली. आधी हसू आलं. मग रुकय्याचं पत्र दुसऱ्यांदा वाचलं आणि हसू गेलं.

अल्लाची शपथ, मंडळी म्हणजे माणसं. चार माणसं जमली की मंडळी, जेवायला बसली की पंगतीची मंडळी. निबंधात आम्ही असंच लिहायचो, सहलीला निघालेली मंडळी. हा शब्द गुरुजी घरात बायकोसाठी वापरतात हे त्यांनी आम्हाला वर्गात कधी सांगितलं नाही. छोटीशी म्हणजे वयाने नव्हे, संख्येने. परदेशी पाहुण्यांना सहा-सात जणांच्या टोळीने पायी शहर दाखवायची तिथे पद्धत आहे. फी त्याची असते.

आता मंडळीची नावनिशी. हॉलंडचे एक आजोबा आणि त्यांची आजी, आजीचे गुडघे दुखणारे. दोन बहिणी, दोघीही म्हाताऱ्या, दोघींनाही कमी ऐकू येणारं, म्हणून नाव विचारल्यावर नुसत्या हसल्या. अमेरिकेचा एक शाळामास्तर, कॅमेरा त्याचा आणि हललेला हातही त्याचा. आणि मी. पिकल्या केसांच्या बाई म्हणजे माहिती सांगणाऱ्या गाइड, त्यांना तीन नातवंडं आहेत. भाई, बाई आणि मंडळी एक नव्हे, दोनही नव्हे, एकूण सात होतो. काझी नव्हता, कारण गरज नव्हती. पत्ता घेतला तो मास्तरचा, फोटोचे पैसे तो घेईना म्हणून इथून खजूर पाठवायचा आहे. फोटोत बाकीचे का नाहीत, तर फोटो सगळ्यांचा होता आणि आला दोघांचा.

कॉफीचंही सांगतो. त्या बाईंचा नियम असा, की जो सगळ्यांत हळू चालतो त्याच्या चालीने सगळ्यांनी चालायचं. प्रत्येक कोपऱ्यावर त्या मागे वळून बघत. हॉलंडची आजी भिंतीला टेकली की आम्ही थांबायचो. ती दमली हे मला तिच्या गुडघ्यांवरून समजलं.

आणि जमाल ज्या मंडळीसाठी घर बघत होता ती मंडळी म्हणजे तू आणि साजिदा, दुसरं कोण असणार? गपचूप घर मांडून, तिकिटं पाठवून तुला चकित करायचं होतं. ते झालं खरं. वाऱ्याच्या बाजूची खोली तुझी आहे. भाई, तो पासपोर्ट ट्रंकेतून काढा आणि तिला द्या. सप्टेंबरच्या बोटीची दोन तिकिटं मुंबईच्या आडत्याकडे सांगितली आहेत.

मी यापुढे निबंध लिहिणार नाही. थांबवलेला लोभ भाईंनी मागच्या तारखेपासून सुरू करावा.

आपला बेकसूर,
अजीज

वेळकोंड
३० जुलै १९६४

साजिदाचे अब्बा यांस,
सलाम वि. वि.

तुमचं पत्र भाईंनी वाचलं. पहिल्या पानावर त्यांना ठसका लागला. अम्मा इतकी हसली की तिला धरून बसवावं लागलं. मग म्हणाली की मला वाटलंच होतं, ती बाई नातवंडांची आहे. आता गावभर सांगत सुटली आहे. गुरुजींच्या बाईंनाही सांगितलं, त्या पुन्हा लाजल्या. मीही हसले. पासपोर्ट भाईंनी स्वतः आणून हातात दिला आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

मग रात्रीचं सगळं आवरल्यावर मी तुमचं मे महिन्याचं पत्र पुन्हा काढलं. खरा अर्थ कळल्यावर एकदा सुखाने वाचावं असं वाटलं. वाचलं आणि माझ्या मनाचा पहिल्यापेक्षा जास्त गोंधळ झाला. तोच तुम्हाला लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, हिला आता काय झालं?

सवत आहे असं समजून वाचत होते तेव्हा मला तिचा राग आला होता. घोडागाडी आली की तिला हाताने बाजूला घेतात, तिची मान दुखली ते यांना कळतं, दमली की बसवतात. असं माझं माणूस करू शकतं हे मला त्या पत्रातून पहिल्यांदा कळलं. आता ती नाही हे ठाऊक झालं. मग ते सगळं सहा परक्या माणसांसाठी होतं. सवत असती तर निदान समजलं असतं.

आपण चिपळूणला गेलो होतो ते आठवतं? लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, कापड घ्यायला. तुम्ही पुढे आणि मी मागे. तुम्ही वळून बघितलं नाहीत, कुणाचेच नवरे बघत नाहीत, तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं. बाजारात तुमच्यासारखे तीन काळे कोट होते. मी त्यातल्या एका कोटाच्या मागे मच्छीबाजारापर्यंत गेले. तुम्ही मला शोधत आलात आणि लक्ष कुठे असतं म्हणून रागावलात. लक्ष तुमच्या पाठीवरच होतं. चिपळूण कसं आहे असं साजिदाने विचारलं तर मला सांगता येत नाही. मला चिपळूण म्हणजे तुमची पाठ.

मुंबईलाही तेच झालं, तुम्हाला बोटीवर सोडायला आले तेव्हा.

मी येणार आहे. पासपोर्ट पेटीत ठेवला, साजिदाचे कपडे शिवायला टाकले. पण कोणत्या मनाने येणार ते मला कळत नाहीये. तुमच्यावर राग नाही. तुम्ही काही वाईट केलेलं नाही, सगळ्यांनी मिळून तेच सांगितलं आहे. तरी आनंद व्हायला हवा तेवढा होत नाही. तिकडेही एक पाठच बघायची असेल तर ती मी इथूनही बघू शकते, अकरा वर्षं बघतेच आहे. त्या गाइडबाईंना त्यांच्या नियमाचे पैसे मिळत होते हे मला समजतं. तुम्हाला तो नियम कुणी शिकवला नाही हेही समजतं. पण शिकलात ना, चार तास का होईना?

याचं उत्तर निबंधात नको. जमेल तेवढंच लिहा. लोभ मी थांबवला नव्हता, तो नुसता कुठे ठेवू ते समजत नव्हतं.

तुमची,
रुकय्या

देरा, दुबई
१४ ऑगस्ट १९६४

प्रिय रुकय्या हीस,
सलाम वि. वि.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. आज जुम्मा आहे, पेढी बंद आहे, म्हणून लिहायला बसलो. मधल्या दिवसांत तीन कागद फाडले. पहिल्यात मी माझी बाजू मांडत होतो. दुसऱ्यात माफी मागत होतो, पण ती वाचताना पुन्हा निबंध वाटला. तिसऱ्याचं आठवत नाही.

विचारलंस ते खरंच आहे, तो नियम मी चार तास पाळला. त्या दिवशी चार तासांत तुझी आठवण झाली नाही. दुपारी पत्र लिहायला बसलो तेव्हा झाली. हे लिहायला नको होतं असं जमाल म्हणतो, पण दुसरं काही लिहिलं तर ते खोटं आहे हे तुला कळेल.

चिपळूणचा मच्छीबाजार मला आठवतो. रागावलो तेही आठवतं. मी घाबरलो होतो. ते बोलायचं असतं हे मला सुचलं नाही.

तिकिटं झाली. तुमची बोट २२ सप्टेंबरला मुंबईहून सुटेल आणि कराची, मस्कत करत २८ किंवा २९ ला इथे लागेल. मोठी बोट खाडीत येत नाही, बाहेर समुद्रात उभी राहते. तिथून लहान लाँचने उतारूंना कस्टमच्या धक्क्यावर आणतात. शिडी उतरताना लाटेने लाँच वरखाली होते, खलाशी हात देतो तो धरायचा, त्यात लाजायचं नाही. साजिदाला आधी उतरव. मी धक्क्यावर दिसेन.

धक्क्यापासून आपल्या खोल्या अर्ध्या मैलावर आहेत. आज नमाजानंतर मी ती वाट चालून बघितली. आधी माझ्या सवयीने गेलो तर दहा मिनिटांत दाराशी. मग धक्क्यावर परत आलो आणि ठरवलं की आता रुकय्याच्या चालीने जायचं, मधे किती वेळा थांबावं लागेल, सावली कुठे आहे, तुला पाणी कुठे मिळेल ते बघून ठेवायचं.

निघालो आणि मसाल्याच्या दुकानांपाशी उभा राहिलो. तुझी चाल कशी आहे ते मला माहीत नाही. भरभर चालतेस की हळू, बोलत चालतेस की गप्प, दुकानं बघत चालतेस की खाली बघत, यातलं काहीच मला आठवेना. किती तरी वेळ आठवत उभा होतो. आठवणार कसं, मी कधी पाहिलेलीच नाही.

टॅक्सी सांगितलेली नाही, तुझ्या चालीने चालत येऊ. सामान जमाल हातगाडीने आणेल.

तुझा,
अजीज